भगव्या प्रवाळाची छाटणी

ऑक्टोबर लागला की आमच्याकडे दोन कामं एकदमच निघतात. सायखेड्याच्या द्राक्षबागेतून धाकट्या दिरांचा फोन येतो, "वहिनी, छाटणी धरली," आणि मी माळ्यावरचा जुना टेबलफॅन काढून बैठकीतल्या टाकीच्या पाण्यावर रोखून लावते. पाऊस गेलेला असतो, थंडीला अवकाश असतो, आणि मधल्या या महिन्यात नाशिक असं तापतं की थंड हवेचं गाव म्हणून मिरवणाऱ्यांना गाठून जाब विचारावासा वाटतो. माणसाचं ठीक आहे, माणूस कुरकुरत का होईना दिवस काढतो. माझ्या समुद्राला दोन अंशसुद्धा जास्त चालत नाहीत.

हो, समुद्रच. चार फुटांची काचेची टाकी, गाळलेल्या पाण्यात मीठ कालवून केलेलं खारं पाणी, दोन जोकर मासे आणि प्रवाळ. प्रवाळ म्हटलं की लोकांना अंगठीतलं पोवळं आठवतं. माझं जिवंत आहे. ते खातं, वाढतं, मनाविरुद्ध झालं की आक्रसून बसतं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले तेव्हा एकेकानं मला भजनी मंडळ, योगासनं आणि चारधाम सुचवलं. मी समुद्र आणला. "नाशकात समुद्र? गोदावरी कमी पडली काय तुला?" असं आमचे हे म्हणाले, आणि आठवड्याभरात स्वतःच मिठाच्या बादल्या उचलायला लागले.

परवा फॅन लावताना टाकीखालच्या कपाटात आयोडिनची बाटली हाताला लागली. झाकण उघडून वास घेतला मात्र, मागचा सगळा ऑक्टोबर नाकातून आत शिरला. त्या वासाबरोबर दिवाळीच्या चकल्यांचा वास, अण्णांच्या डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली, स्कूटीवर पायाशी हिंदकळणारी बादली, सगळं आलं. मी मुळात चिडकी बाई. पण मागच्या वर्षी जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कधी चिडले नव्हते, आणि त्यातला निम्माअधिक राग माझा माझ्यावरच होता.

भगवी ताटली ही माझ्या टाकीची पट्टराणी. मॉन्टिपोरा हे तिचं शास्त्रीय नाव, पण आमच्याकडे सगळे ताटलीच म्हणायचे, कारण ती तशीच आडवी, पातळ, काठाला वळण घेत वाढते. रुपयाच्या नाण्याएवढा तुकडा आणला होता. चार वर्षांत तिचं जेवणाचं ताट झालं. सकाळी दिवे लागले की ती अशी उजळायची की मी हातातला चहा विसरायचे. घर यांच्या नावावर, शेत दिरांच्या हातात, मुलगी बंगळूरला तिच्या संसारात. शाळेतली मुलं तर दरवर्षी पुढच्या वर्गात निघूनच जायची. ही एकच गोष्ट मी स्वतःच्या हौशीनं वाढवली होती. खोटं कशाला बोलू, माझा जीव होता तिच्यात.

आम्ही नाशकातले टाकीवाले मोजके पाचसहा जण. आमची एक रीत आहे. दसऱ्याला आपट्याच्या पानांबरोबर प्रवाळाचे तुकडेही वाटायचे. आपल्या टाकीत जे चांगलं वाढलं असेल त्याचा तुकडा कापायचा, पिशवीत खाऱ्या पाण्यात बांधायचा आणि "सोनं घ्या" म्हणून हातात द्यायचा. मागच्या दसऱ्याला मी माझ्या ताटलीचे चार तुकडे वाटले. त्यातला सगळ्यात मोठा मेघाला दिला. मेघा नाशिकरोडच्या एका दवाखान्यात नर्स आहे, माझ्या मुलीच्या वयाची. तिची टाकी लहानशी, पण तिच्याकडे याच जातीच्या हिरव्या आणि जांभळ्या ताटल्या होत्या. पगारातून एकेक करून जमवलेल्या. भगवी तेवढी नव्हती.

आता लाज सांगते. ते तुकडे कापले तेव्हा माझ्या ताटलीची मागची कड पांढरी पडायला लागली होती. मला दिसत होतं. पण मी ठरवूनच टाकलं होतं की दोष पाण्याचा आहे. रोज पाणी तपासायचं, वहीत आकडे लिहायचे, आज क्षार वाढव, उद्या दिवे कमी कर. गणिताची बाई ना मी, आकडा जुळला की रोग जाणार अशी माझी खात्री. आकडे जुळले आणि पांढरी कड बोटभर आत सरकली.

दसऱ्यानंतर चारच दिवसांनी अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे सासरे. सगळी हयात सायखेड्याच्या द्राक्षबागेत गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की महिनाभर वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. म्हणजे बागेत जायचंच नाही, आणि नेमकी छाटणी सुरू झालेली. काळा चष्मा लावून ते बैठकीत येरझाऱ्या घालायचे, दिरांना दिवसातून पाच फोन करायचे, "काडीवर किती डोळे राखले? डोळ्यांना पेस्ट लावली का? माणसं किती आली?" शेवटी दीरच वैतागून म्हणाले, "वहिनी, त्यांना तुमचे मासे दाखवा जरा."

मी टाकीसमोर खुर्ची टाकून दिली. अण्णा बसले. मासे त्यांना दोन मिनिटं पुरले. मग त्यांची नजर ताटलीवर गेली.

"शालन, ही कड पांढरी कशानं झाली गं?"

"पाण्यानं, अण्णा. क्षार कमीजास्त होतात ना."

"खालून बघितलं का?"

"खालून काय बघायचंय?"

"आगं, रोग काय तोंडावर बसतो का? डावणी म्हण, मिलीबग म्हण, पानाच्या पाठीमागं बघावं लागतं. साल उचलून बघावं लागतं. तू नुसतं पाणी मोजत बसलीस."

मला असा राग आला. चार वर्षं मी टाकी सांभाळते, आणि हे काल आलेले मला शिकवणार! मी कणीक मळायला निघून गेले. पण कणकेत हात असताना ते वाक्य डोक्यातून जाईना. हात धुतले, रबरी हातमोजे चढवले, ताटली दगडावरून सोडवली आणि पाण्याच्या परातीत उलटी केली.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग एक पांढरा ठिपका सरकला. भिंग लावलं. तांदळाच्या कणीएवढा जीव, पाठीवर बारीक बारीक झालरी, आणि तो आरामात माझ्या प्रवाळाची साय खात पुढे चालला होता. त्याच्या मागे उघडा पांढरा सांगाडा. एक दिसला आणि मग नजर बसली. अकरा मोजले. शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई. आमच्यात त्यांना न्यूडी म्हणतात. ही जात फक्त मॉन्टिपोरा खाते, दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. खालच्या बेचक्यात बारीक मण्यांसारखी अंडी चिकटवलेली. श्रावणात मुंबईच्या एका दुकानातून एक नवा तुकडा आणला होता आणि न धुता, न तपासता तसाच टाकीत सोडला होता. तिथूनच आल्या असणार.

अण्णांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, नव्या डोळ्यानं भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हाय की. लय हाय." त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला त्यांना परातीसकट बाहेर ठेवावंसं वाटलं.

आणि लगेच दुसरी गोष्ट डोक्यात आली. चार पिशव्या. मी माझ्या हातानं चार घरांत हा रोग सोनं म्हणून वाटला होता.

फोन करायलाच हवे होते. तिघांनी तुकडे अजून वेगळ्या भांड्यात ठेवले होते. त्यांनी ते फेकले, आणि बरं झालं सांगितलंत म्हणाले. मेघानं तुकडा त्याच दिवशी टाकीत लावला होता. तिनं भिंग घेतलं आणि फोन चालू ठेवूनच बघितलं.

"ताई, माझ्या जांभळ्यावर आहेत. हिरव्याच्या खालीपण." मग तिचा आवाज चढला. "दुकानातून काही आणलं तर मी दहा वेळा तपासते. तुम्ही दिलंत म्हणून मी बघितलंसुद्धा नाही! तुम्हाला कड पांढरी दिसत होती ना? मग कापलंत कशाला?"

दिसत होती. तिनं फोन ठेवला.

त्या दुपारी मी मनाशी ठरवलं की या किड्यांना दोन्ही घरांतून काढायचं. जमेल का, किती दिवस लागतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. शाळेत नापास होणाऱ्या मुलांनाही मी हेच सांगायचे, की पास होशील का ते नंतर बघू, आधी पहिलं गणित सोडव.

पहिली आंघोळ घातली ती आइस्क्रीमच्या डब्यात. टाकीचंच पाणी, त्यात चहाच्या रंगाचं होईल इतकं आयोडिन, दहा मिनिटं. बिनसुईच्या सिरिंजनं खालून पाण्याचे फटके मारत राहायचं. न्यूडी गळून डब्याच्या तळाशी पडल्या. जुन्या टूथब्रशनं अंडी खरवडली. काम झालं म्हणून मी ताटली परत लावणार, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "दुसरा हात कधी?"

"कसला दुसरा हात?"

"फवारणीचा. औषधानं किडा मरतो, अंडं नाय मरत. आज न्हाऊ घातलंस, चार दिवसांनी पोरं बाहेर येतील."

चौथ्या दिवशी आली. तिळाच्या टोकाएवढी, तीच झालर. तेव्हापासून मी कॅलेंडरवर दर चौथ्या दिवसाला गोल करायला लागले. धनत्रयोदशीला गोल होता. पाडव्याला गोल होता. ओवाळणीचं ताट आणि आयोडिनचा डबा एकाच ओट्यावर. हे म्हणाले, "या वर्षी फराळाला औषधाचा वास येतोय." मी म्हटलं, "मग नका खाऊ." खाल्ला त्यांनी, वाढून घेऊन खाल्ला.

दर चौथ्या दिवशी स्कूटीवर पायाशी बादली ठेवून मी नाशिकरोडला जायचे. पहिल्यांदा मेघानं दार अर्धंच उघडलं. "राहू द्या ताई, मी बघते माझं." मी म्हटलं, "तू ड्यूटीवर असतेस. शिव्या द्यायच्या तर दे, पण आत येऊ दे." तिनं शिव्या दिल्या नाहीत. बाजूला झाली आणि मोबाइल बघत बसली. मी एकटीनं तिच्या ताटल्या काढल्या, बुडवल्या, खरवडल्या. तिची जांभळी दुसऱ्या आठवड्यात गेली. हिरव्या दोन्ही त्यापुढच्या आठवड्यात. शेवटची काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकताना ती म्हणाली, "बास झालं ताई. टाकी देऊन टाकते कुणाला तरी." साधा आवाज, राग नाही काही नाही. तो आवाज मला सहन झाला नाही. गाडी चालवत घरी येताना हेल्मेटच्या काचेआड मी रडत होते.

यंदाच्या दसऱ्याला आमच्याकडे जमणाऱ्यांना मी दारातच अडवलं. पानं आत आणा, पिशव्या इथे ठेवा. प्रत्येक तुकडा उलटा करून भिंगाखाली धरला. एकदोघांना ते लागलं. सणाच्या दिवशी माणसाच्या देण्यावर संशय घेणं बरं दिसत नाही, हे मलाही कळतं. पण मागच्या वर्षी आम्ही सगळे फार चांगलं दिसण्याच्या नादात होतो.

कधी कधी वाटतं, तो जीव तरी वाईट कुठे होता? भिंगाखाली तर देखणाच. पांढऱ्या झालरीत कुठे कुठे त्याच्याच पोटातला प्रवाळाचा भगवा रंग उतरलेला. देवानं त्याला एकच अन्न नेमून दिलं आणि ते माझ्या बैठकीत सापडलं. त्याच्यावर माझा राग नव्हता, खरंच नव्हता. आणि राग नसतानाही मी त्याला शेकड्यांनी मारलं, पुढेही मारीन. याचं मला दुःख होत नाही, याचंच जरा नवल वाटतं.

इकडे मागच्या वर्षी माझी ताटली मात्र निम्मी पांढरी झाली होती. अण्णा रोज बघायचे आणि रोज तेच म्हणायचे. "छाट तिला."

"चार वर्षं वाढवलीय अण्णा!"

"म्हणूनच छाट. बुडाशी, बेचक्यात, जिथं तुझा ब्रश पोचत नाय तिथंच ते बसलंय. आम्ही खोडाची साल काढतो का नाय? तू साल ठेवून नुसती आंघोळ घालती. जेवढी कोरी हाय तेवढी ठेव, बाकीची काढ."

आणखी दोन आंघोळी मी त्यांचं ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी बेचक्यात पुन्हा अंडी दिसली तेव्हा कटर घेतला. प्रवाळ कापताना वाळका पापड मोडावा तसा आवाज होतो. दोन्ही बाजूंनी स्वच्छ असे नखाएवढे नऊ तुकडे निघाले. नव्या फरशीच्या चकत्यांवर ते चिकटवले आणि वेगळ्या टबात ठेवले. उरलेलं ताट, तो सगळा भगवा घेर, कचऱ्यात. मोठ्या टाकीत आता त्या जातीचं काहीच नको होतं, म्हणजे लपून राहिलेल्या न्यूडी उपाशी मरतील. टबातल्या तुकड्यांची तपासणी आठ आठवडे स्वच्छ निघाली, तरच सुटका. "झाली छाटणी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. लग्नानंतर पाया पडले होते तेव्हा ठेवला असेल, त्यानंतर आत्ताच.

आणि त्याच अण्णांनी पुढच्या आठवड्यात घात केला. मी मेघाची रिकामी टाकी साफ करायला गेले होते. मागे अण्णांना एका तुकड्यावर काहीतरी हललंसं वाटलं. बागेत खोड पाण्याच्या जोरानं धुतात, तसे त्यांनी तीन तुकडे उचलले, स्वयंपाकघरातला नळ सोडला, नळाच्या तोंडाला अंगठा लावला आणि चांगले पाच मिनिटं धुऊन काढले. गोड्या पाण्यात. मी आले तेव्हा तिघांची साय सुटून पाण्यावर तरंगत होती.

मी ओरडले. सासऱ्यांवर, पहिल्यांदा, खिडक्या उघड्या असताना. "तुम्हाला कुणी हात लावायला सांगितलं होतं? हा समुद्र आहे, तुमची बाग नाही!" अण्णा चष्मा डोळ्यांवर ओढून गॅलरीत जाऊन बसले. पोळ्या लाटताना माझ्या लक्षात आलं की मेघा माझ्यावर ओरडली होती त्याच्या दुप्पट मी ओरडले होते, आणि माझी चूक अण्णांच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी होती. त्यांनी निदान न कळून केली होती.

जेवायला बसल्यावर तेच म्हणाले, "शालन, चुकलो मी. पण ते तीन फेकू नको, मला दाखव. गोड्या पाण्यानं काय होतं ते बघू दे." मी तिन्ही तुकडे वाटीत घालून पुढ्यात ठेवले. आपल्या हातून काय मेलं ते त्यांनी नीट, वेळ घेऊन बघितलं. त्यानंतर टबात त्यांनी कधी हात घातला नाही. फक्त बघायचे. सकाळी एकदा, ऊन कलल्यावर एकदा, भिंग लावून, एकेक चकती मला उलटी करायला लावून.

उरलेल्या सहांपैकी चार औषधाच्या आंघोळींनीच खंगून गेले. दोन राहिले. पाचव्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "थांब, तो दुसरा परत दाखव." चकतीच्या कडेला चारपाच मणी. अंडी. मी तो तुकडा तिथल्या तिथे कचऱ्यात टाकला, टब उकळत्या पाण्यानं धुतला आणि कॅलेंडरवर पुन्हा एक आकडा लिहिला. पहिला आठवडा.

महिन्याभरासाठी आलेले अण्णा थांबलेच. डोळा केव्हाच बरा झाला होता, दीर बोलावत होते, बागेत मणी फुगायला लागले होते. "मोजणी पुरी झाली की जातो," एवढंच म्हणायचे. संक्रांत टबाशेजारीच झाली. आठवा आठवडा संपला त्या सकाळी आम्ही दोघांनी तो तुकडा आळीपाळीनं चार वेळा बघितला. स्वच्छ. कडेला नव्या वाढीची दोऱ्याएवढी फिकट रेघ. दुपारच्या एसटीनं अण्णा सायखेड्याला गेले.

"आता लाव तुझ्या टाकीत," हे म्हणाले. मी बादली काढलेली बघून त्यांना कळलं. "अगं, एकच उरलाय. वाढू दे, दोन कर, मग दे तिला."

"वाढायला वर्ष जाईल. तोवर ती टाकी देऊन टाकेल."

मला द्यायचा नव्हता. हे स्पष्टच सांगते, नाहीतर मी फार थोर मनाची आहे असं वाटेल. स्कूटी सुरू करेपर्यंत मला तो परत आत न्यावासा वाटत होता. पण तिच्याकडे होतं ते सगळं माझ्या हातानं गेलं होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं हे एवढंच होतं.

मेघानं दार पूर्ण उघडलं, पण या म्हणाली नाही. टाकी अजून होती, दिवा बंद होता. मी पिशवी पुढे केली. तिनं आत जाऊन हातमोजे घातले, टेबलावरचा दिवा लावला, तुकडा बशीतल्या खाऱ्या पाण्यात उलटा केला आणि भिंग डोळ्याला लावलं. किती वेळ बघत होती देव जाणे. मी उभीच. तोंडी परीक्षेला मुलं अशीच उभी राहायची माझ्यासमोर.

"हे काय आहे?" तिनं एकदम विचारलं. मी पुढे वाकले. तिनं सुईच्या टोकानं टोचून बघितलं. गोंदाचा थेंब होता.

मग बाजू, मग कड, मग पुन्हा खालून. शेवटी तिनं भिंग खाली ठेवलं. "टाकीत नाही लावत. वेगळा ठेवणार, आठ आठवडे. तुमच्या मोजणीवर माझा विश्वास नाही, ताई."

"विश्वास ठेवूच नकोस," मी म्हटलं, आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. "चौथ्या दिवशी तपासायला किती वाजता येऊ?"

मेघानं कपाटातून रिकामा डबा काढला, त्यात पाणी ओतलं, तुकडा अलगद खाली सोडला. माझ्याकडे न बघता म्हणाली, "सातला या. आणि हात धुऊन या, तुमच्या टाकीचं पाणी नको मला इथे."